जुनी फोर बाय फोर घेताना: काळ्या मातीच्या मुलखातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विदर्भात मृगाचे दोन-चार मोठे पाऊस पडले की जुन्या फोर बाय फोरची, म्हणजे चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाडीची, चौकशी सुरू होते. विचारणारे वेगवेगळे असतात. कुणाचं वावर पांदणीच्या टोकाला असतं, कुणाची शाळा धारणी तालुक्यात आतल्या गावी, कुणाचा दवाखाना एटापल्लीकडे, कुणाचं काम जिवतीच्या डोंगरावर. प्रश्न मात्र बरेचसे तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. माझं मत एका वाक्यात सांगायचं तर जुनी फोर बाय फोर वरून बघून घ्यायची नसते, ती खालून बघून घ्यायची असते. पुढे बरंच काही याच अंगाने येईल.

मला खरंच फोर बाय फोर लागेल का? साधी बोलेरो चालणार नाही का?

पुष्कळांना साधी बोलेरो पुरते, हे आधी स्पष्ट सांगतो. तुमचा रस्ता मुरमाचा किंवा गिट्टीचा असेल, खड्डे कितीही असले तरी खालची जमीन टणक असेल, तर मागच्या चाकांवर चालणारी, उंच आणि चांगल्या टायरची गाडी वर्षभर काम देते. फोर बाय फोरचा जास्तीचा खर्च हा कायमचा असतो. आणखी एक डिफरेन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधला, दोन चाकांना ताकद वाटणारा गोळा, बोलण्यात ‘डिफ’), आणखी एक शाफ्ट, ट्रान्स्फर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांकडे ताकद पाठवणारी पेटी), आणि या सगळ्यांचं ऑइल, सील आणि बेअरिंग.

स्वतःला एकच प्रश्न विचारा: पावसाळ्यात गाडी अडली म्हणून काम बुडालं, असं किती वेळा होतं? हंगामात एखाद्या वेळी होत असेल तर शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बोलावणं स्वस्त पडेल. पण रात्री-बेरात्री पेशंट आणायचा असेल, रोज शाळेत किंवा दवाखान्यात पोचायचं असेल, किंवा रस्त्याचा शेवटचा तुकडा निव्वळ काळ्या मातीचा असेल, तर घ्याच. तिथे फोर बाय फोर ही चैन राहत नाही.

आपल्याकडे गाडी फसते ती नेमकी कशामुळे?

हे समजलं की निम्मी निवड सोपी होते. आपली कपाशीची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आकसून भेगाळते, कारण तिच्यात चिकणमातीचं प्रमाण फार असतं. ओली झाली की ती टायरच्या खाचांत गच्च बसते. चार-दोन फेऱ्यांत टायरची नक्षी दिसेनाशी होते आणि चाक गुळगुळीत होऊन जागेवर फिरू लागतं. मडगार्डच्या आत माती साचत गेली तर चाक फिरणंसुद्धा जड होतं.

पण माझ्या मते खरा त्रास दुसरा आहे. आपल्या पांदणी ट्रॅक्टरने चाललेल्या असतात. ट्रॅक्टरचं मागचं चाक मोठं, त्यामुळे दोन खोल चाकोऱ्या पडतात आणि मध्ये मातीचा उंचवटा उभा राहतो. तुमची गाडी चाकोरीत उतरली की चाकं खाली जातात आणि मधला डिफचा गोळा त्या उंचवट्याला टेकतो. याला लोक ‘गाडी पोटावर बसली’ म्हणतात. एकदा पोटावर बसली की चाकांवर वजनच उरत नाही, मग चार चाकांना ताकद दिली काय आणि दोन चाकांना दिली काय. म्हणून जमिनीपासूनची उंची मोजताना दाराखालची उंची बघू नका, डिफच्या गोळ्याखालची बघा. अखंड अ‍ॅक्सलच्या गाडीत नुसती स्प्रिंग उंच करून गोळा वर जात नाही. तो फक्त मोठ्या टायरनेच वर जातो.

पूर्वेकडे भंडारा, गोंदिया, गडचिरोलीला चित्र थोडं वेगळं आहे. तिथे धानाच्या बांध्यांतला गाळ, जंगलातली मुळं आणि नाले आहेत. मेळघाटात चढ-उतार आणि ओले दगड आहेत. तिथे चिखलापेक्षा लो गिअरचं, म्हणजे कमी वेगात जास्त जोर देणाऱ्या गिअरचं, महत्त्व जास्त.

फोर बाय फोर आणि एडब्ल्यूडी एकच ना?

नाही. एडब्ल्यूडी (ऑल व्हील ड्राइव्ह) गाडीत, म्हणजे डस्टरच्या एडब्ल्यूडीसारख्या गाडीत, एरवी पुढची चाकं ओढतात आणि ती घसरू लागली की मागच्या चाकांना ताकद जाते. ओल्या डांबरावर, रेताड जागी, हलक्या चिखलात हे छान चालतं. पण तिच्यात लो गिअर नसतो. खोल चिखलात बराच वेळ चाकं फिरवली तर जोडणी तापते आणि गाडी स्वतःहून मागची चाकं सोडून देते.

जीप, जिप्सी, थार, गुरखा यांच्यात वेगळा लिव्हर किंवा बटण असतं आणि त्यात टू-एच (फक्त मागची चाकं), फोर-एच (चारही चाकं, नेहमीचा वेग) आणि फोर-एल अशा जागा असतात. फोर-एल म्हणजे लो गिअर. वेग कमी, जोर जास्त. मेळघाटातल्या ओल्या उतारावर पहिल्या गिअरमध्ये फोर-एल लावून ब्रेकवरून पाय काढला तरी इंजिनच गाडी धरून ठेवतं, हे ज्याने एकदा अनुभवलं तो लो गिअरशिवायच्या गाडीकडे वळत नाही. आतल्या गावांसाठी माझा आग्रह लो गिअरचाच आहे.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. या गाड्यांत फोर-एच कोरड्या डांबरावर लावून चालवायचं नसतं. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात, मध्ये तो फरक पचवणारं काही नसतं, आणि सगळा ताण ट्रान्स्फर केसवर आणि शाफ्टवर येतो.

बाजारात जुन्या कोणत्या गाड्या मिळतात आणि कोणती कशासाठी बरी?

मारुती जिप्सी. १९८५ मध्ये आली, १९९६ पासून १.३ लिटर इंजिनची ‘किंग’ आली आणि २०१९च्या सुमारास गाडी बंद झाली. वजन टनाच्या आत-बाहेर, म्हणून चिखलात ती इतरांपेक्षा कमी रुतते. काळ्या मातीसाठी हलकी गाडी हा फार मोठा फायदा आहे, आणि हे शोरूमच्या माहितीपत्रकात कुणी लिहीत नाही. तोटे म्हणजे चारही बाजूंना पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंग) असल्याने बसणाऱ्याची हाडं खिळखिळी होतात, पेट्रोल जास्त पिते, आणि पत्रा गंजतो. मागे म्हातारी माणसं बसवून रोजचा प्रवास करायचा असेल तर घेऊ नका.

महिंद्राच्या जुन्या जीपा, म्हणजे एमएम ५४०, ५५०, मेजर वगैरे. लोखंड दणकट, कोणताही मिस्त्री उघडून बसवू शकतो. पण बऱ्याच जीपांत वेगळंच इंजिन बसवलेलं असतं. आरसीवरचा इंजिन नंबर आणि प्रत्यक्ष नंबर जुळला नाही तर गाडी कितीही आवडली तरी सोडा.

जुनी थार २०१० मध्ये आली. यात सीआरडीई इंजिनची घ्या. डीआय इंजिनच्या थारमध्ये टू बाय फोर (दोनच चाकांना ताकद) आणि फोर बाय फोर दोन्ही होत्या, म्हणून तिथे नीट बघावं लागतं. २०१५ मध्ये सुधारलेल्या सीआरडीईला मागच्या अ‍ॅक्सलमध्ये आपोआप लागणारं मेकॅनिकल लॉकिंग डिफरेन्शियल मिळालं. एक मागचं चाक हवेत किंवा चिखलात भरभर फिरू लागलं की ते दोन्ही मागची चाकं जखडतं. पैसे पुरत असतील तर तिच्यासाठी थोडे जास्त मोजा.

नवी थार २ ऑक्टोबर २०२० ला आली. २०२२ अखेरपर्यंतच्या सगळ्या फोर बाय फोरच आहेत. जानेवारी २०२३ पासून फक्त मागच्या चाकांवर चालणारी थारही आली, आणि बाहेरून दोघी सारख्याच दिसतात. १.५ लिटर डिझेल असेल तर ती फोर बाय फोर नाहीच. आत बसून मुख्य गिअरच्या शेजारी दुसरा छोटा लिव्हर आहे का ते बघा. नसेल तर बोलणं तिथेच थांबवा.

टाटा सफारीत नावाची गफलत होते. १९९८ पासूनची जुनी सफारी आणि २०१२ ची स्टॉर्म यांत फोर बाय फोर मिळायची, पण टू बाय फोर गाड्याही तितक्याच आहेत. २०२१ मध्ये आलेली नवी सफारी पुढच्या चाकांवर चालते. नाव सफारी आहे म्हणून गृहीत धरू नका. स्टॉर्म आरामशीर आहे, घरच्या सगळ्यांना घेऊन जाते, पण जड आहे. काळ्या मातीत ते वजन जाणवतं.

फोर्स गुरखाला पुढे आणि मागे दोन्हीकडे डिफ लॉक मिळतं. नाले, दगड आणि उखडलेला घाट यांसाठी जुन्या बाजारात या पैशांत इतकी जबरदस्त गाडी क्वचितच मिळते. मात्र सुटे भाग तालुक्याला मिळतीलच असं नाही. घेण्याआधी तुमच्या जिल्ह्यात कोण दुरुस्त करतं ते विचारा.

जिमनी जून २०२३ पासूनची आहे, म्हणून जुन्या बाजारात थोड्याच दिसतात. हलकी, लो गिअरची, पेट्रोल. जिप्सीचे गुण आणि माणसासारखं बसायला सीट. चौघांचं सामान मात्र मागे मावत नाही.

स्कॉर्पिओ फोर बाय फोर, इसुझू व्ही-क्रॉस, फॉर्च्युनर, एन्डेव्हर याही दिसतात. फॉर्च्युनर आणि एन्डेव्हर जुन्या झाल्या म्हणून किमती उतरतात, पण त्यांच्या सुट्या भागांच्या किमती उतरत नाहीत. शिवाय फोर्डने २०२१ मध्ये भारतातल्या बाजारासाठी गाड्या बनवणं बंद केलं आहे. खेड्यात रोज वापरायला मी त्या सुचवणार नाही.

गाडी खरंच फोर बाय फोर आहे आणि ते चालतंय, हे कसं ओळखायचं?

मालक म्हणतो ‘हो, चालू आहे’, आणि लिव्हर पुढे-मागे करून दाखवतो. एवढ्यावर विश्वास ठेवू नका. लिव्हर हलणं आणि चाकाला ताकद पोचणं यात बराच फरक आहे.

आधी गाडीखाली वाका. ट्रान्स्फर केसपासून पुढच्या अ‍ॅक्सलकडे जाणारा शाफ्ट जागेवर आहे का ते बघा. डिझेल वाचावं किंवा आवाज जावा म्हणून हा शाफ्ट काढून कोपऱ्यात ठेवलेल्या जुन्या जीपा खेड्यापाड्यांत बऱ्याच आहेत. कधी ठेवलेला शाफ्टही भंगारात गेलेला असतो.

शाफ्ट असेल तर हाताने फिरवून आणि हलवून बघा. दोन्ही टोकांचे क्रॉस (शाफ्टचे सांधे) खडखडत असतील तर खर्च आहे, पण घाबरण्यासारखा नाही.

मग जॅक. जिप्सी किंवा जीपसारख्या हाताच्या लिव्हरच्या गाडीत ही तपासणी चांगली होते. सपाट जागी मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड लावा, इंजिन बंद ठेवा, पुढचं एक चाक जॅकवर उचला. पुढच्या चाकाच्या मध्यभागी हाताने फिरवायचं हब असेल तर दोन्हीकडचं ‘लॉक’वर करा. आता लिव्हर टू-एचमध्ये ठेवून उचललेलं चाक फिरवा. चाकाबरोबर खालचा शाफ्ट फिरला पाहिजे. मग फोर-एच लावा, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाका आणि पुन्हा फिरवा. आता ते बोटभर हलून अडलं पाहिजे. मोकळं फिरत राहिलं तर हब, अ‍ॅक्सल, डिफ किंवा ट्रान्स्फर केस, यांपैकी कुठेतरी जोडणी तुटलेली आहे. ही तपासणी करताना गाडीखाली कुणीही हात किंवा डोकं घालू नये. शाफ्ट बाजूने वाकून दिसतो.

शेवटी चालवून बघा. डांबर सोडून मातीच्या किंवा गिट्टीच्या मोकळ्या जागी या. फोर-एच लावून स्टिअरिंग पूर्ण वळवा आणि हळू गोल फिरवा. गाडी थोडी अडखळत, ओढत फिरते. ते योग्य आहे, पुढची चाकं लागली आहेत. टू-एचमध्ये फिरते तशीच हलकी फिरली तर शंका घ्या. मग थांबून फोर-एल लावा आणि चढ चढा. गिअर उडून बाहेर आला, किंवा ‘खट-खट’ असा दाताचा आवाज आला, तर ट्रान्स्फर केसचं काम निघणार. बटणाच्या गाडीत फोर बाय फोरचा दिवा नुसता लुकलुकत राहिला आणि स्थिर झाला नाही, तर शिफ्टची मोटर किंवा वायरिंग बघावं लागेल. दिवा एकदाच लागला म्हणून खूश होऊ नका, चार-पाच वेळा लावून-काढून बघा.

खालून आणखी काय बघू?

एक सतरंजी आणि टॉर्च घेऊन जा. गाडी धुऊन ठेवली असेल तर मी उलट जास्त वेळ खाली घालवतो.

चेसिसवर, जिथे पाटे अडकवतात त्या कड्यांजवळ आणि स्टिअरिंग बॉक्स बसवला आहे तिथे, वेल्डिंगचे ताजे डाग दिसतात का? ताज्या काळ्या रंगाखाली काय दडलंय ते स्क्रू-ड्रायव्हरच्या दांड्याने ठोकून बघा. निरोगी लोखंड टणत्कार करतं, सडलेलं बद्द वाजतं. पाट्यांची पानं मोडलेली नाहीत ना? पुढच्या अ‍ॅक्सलचे रबरी बूट फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूवर उडालंय का? फाटलेल्या बुटातून काळी माती आत गेली की तो जॉइंट पाहता पाहता संपतो.

आणि हे विसरू नका: दोन्ही डिफ आणि ट्रान्स्फर केसचं थोडं ऑइल काढून बघा. मालक काढू देत नसेल तर तेही एक उत्तरच आहे. ऑइल काळं असलं तर जुनं झालं, बदलता येईल. दुधाळ, चहासारखं असेल तर आत पाणी गेलंय. हे होतं कसं? गाडी तापलेली असते, डिफ गरम असतो, आणि नाल्यात उतरल्यावर एकदम थंड होतो. आतली हवा आकसते आणि डिफची श्वासनळी (हवा आत-बाहेर जाण्याची बारीक नळी) बुजलेली असेल तर सीलमधून पाणी आत ओढलं जातं. अशा पाण्याने बेअरिंगं खराब होतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ड्रेनच्या बोल्टला लोहचुंबक असेल तर त्याच्यावर बारीक लोखंडी भुकटी असणं साधारण आहे. तुकडे किंवा पापुद्रे आले तर आत दात मोडले आहेत.

मीटर किती किलोमीटर दाखवतो त्याला किती महत्त्व द्यावं?

फार कमी. मीटर मागे करता येतो आणि आपल्या रस्त्यावरचे दहा हजार किलोमीटर समृद्धी महामार्गावरच्या दहा हजारांसारखे नसतात. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर, स्टिअरिंगची झीज, ड्रायव्हरच्या सीटची बैठक हे मीटरपेक्षा जास्त खरं सांगतात. सर्व्हिसची जुनी बिलं असतील तर ती वाचा.

जंगल सफारीत चाललेली जिप्सी स्वस्त मिळतेय. घेऊ का?

ताडोबा, पेंच, मेळघाटात चाललेल्या जिप्सींचं एक बरं असतं, त्यांची देखभाल होत राहते कारण गाडी उभी राहिली की रोजगार बुडतो. पण वर्षानुवर्षं धुळीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, पूर्ण भरून चाललेली असते. एअर फिल्टरची पेटी उघडा. फिल्टरच्या आतल्या बाजूला धूळ असेल तर ती इंजिनातही गेली आहे. पुढच्या चाकांच्या नकलवर (चाक जिथे वळतं त्या सांध्यावर) ग्रीस ओघळलंय का, चाक वर-खाली हलवलं की खेळ लागतो का, तेही बघा. मागे वाढवलेल्या सीटसाठी पत्रा कापून वेल्डिंग केलेलं असतं, तिथून गंज सुरू होतो. आणि नोंदणी प्रवासी वाहन म्हणून असेल तर खाजगीत बदलून घेणं, परवाना जमा करणं ही कामं विकणाऱ्याने करून द्यावीत, हे व्यवहार ठरतानाच बोलून घ्या.

लष्कराच्या लिलावातली जीप किंवा जिप्सी?

आवड आणि वेळ असेल त्यानेच. गाडी रास्त भावात मिळते, पण लिलावाची पावती, सोडल्याचा दाखला आणि आरटीओतली नवीन नोंदणी यांत महिने जाऊ शकतात. मध्यस्थाने ‘कागद होऊन जातील’ म्हटलं तर कागद झाल्यावरच पैसे देईन म्हणून सांगा.

पुरात बुडालेली गाडी ओळखायची कशी?

सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला गाळाची रेघ असते. सीट पुढे सरकवून तिच्या पट्ट्यांवर गंज बघा, कार्पेटचा कोपरा उचला, फ्यूजच्या पेटीतल्या जोडण्यांवर हिरवट थर आहे का बघा. दार बंद करून पाच मिनिटं आत बसा. बुडालेल्या गाडीचा कुबट वास सेंट मारून झाकलेला असतो, पण उन्हात उभ्या गाडीत तो वर येतोच. स्वस्त आहे म्हणून अशी गाडी घेऊ नका. वायरिंगची कटकट पुढची कित्येक वर्षं चालू राहते.

डिझेल घेऊ की पेट्रोल?

लो गिअरमध्ये हळू चालायला डिझेलचा जोर बरा वाटतो, आणि जास्त चालवणाऱ्याला ते परवडतं. पण एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-सिक्स डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो स्वतः साफ व्हायला गाडी काही वेळ मोकळ्या रस्त्यावर सलग चालावी लागते. गाव ते वावर, वावर ते गाव असं तीन-चार किलोमीटर चालवून बंद करणाऱ्याचा तो फिल्टर वारंवार तुंबतो, आणि साफ करणं किंवा बदलणं खर्चाचं आहे. अशा वापरासाठी पेट्रोल घ्या, किंवा त्याआधीची बीएस-फोर डिझेल शोधा. दर आठवड्याला नागपूर किंवा अमरावतीची चक्कर असेल तर प्रश्न येत नाही.

टायर कोणते?

पैसे शिल्लक असतील तर ते स्टीकर-लाइटवर घालू नका, टायरवर घाला. आपल्या काळ्या मातीत एटी (सगळ्या रस्त्यांसाठीचे) टायर लवकर भरतात. एमटीची (चिखलासाठीच्या टायरची) नक्षी उघडी आणि खोल असते, चाक थोडं वेगात फिरवलं की माती बाहेर फेकते. डांबरावर मात्र तेच टायर आवाज करतात, लवकर झिजतात आणि ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना कमी पकडतात. रोज डांबर जास्त असेल तर एटी, चिखलच जास्त असेल तर एमटी. मऊ चिखलात हवा कमी करून १८ ते २० पीएसआय केली की टायर पसरतो आणि कमी रुततो. मग डांबरावर येताच पुन्हा भरायची, म्हणून लायटरवर चालणारा छोटा पंप गाडीत ठेवा.

जुन्या गाडीचे टायर बघताना बाजूच्या चार आकड्यांकडे लक्ष द्या. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. आणि चारही टायर एकाच मापाचे हवेत. पुढे-मागे वेगळ्या घेराचे टायर ठेवून फोर-एच लावलं की ट्रान्स्फर केसला सतत ताण बसतो.

फोर बाय फोर असल्यावर भरलेल्या रपट्यावरून जाता येतं ना?

नाही. हा गैरसमज माणसं घेऊन जातो. साधारण एक फूट वाहतं पाणी छोट्या गाडीला तरंगवू शकतं, दोन फूट पाणी बहुतेक मोठ्या गाड्याही वाहून नेतं. कंपनी थारसाठी ६५० मिलिमीटर पाण्याची खोली सांगते, ती साचलेल्या, न वाहणाऱ्या पाण्यासाठी समजा. रपट्याची कड पाण्याखाली दिसत नाही आणि काँक्रीट वाहून गेलेलं असतं. पर्लकोटा नदीच्या पुराने गडचिरोलीतल्या भामरागडचा संपर्क कितीतरी पावसाळ्यांत तुटला आहे. तिथली जुनी माणसं थांबतात, ती उगाच नव्हे. शिवाय आत पाणी ओढलं जाऊन इंजिन बसलं तर साध्या विम्यात ते भरून मिळत नाही. इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घेतली असेल तरच मिळतं.

हीच गाडी हिवाळ्यात हिमाचल-लडाखला बर्फात नेता येईल का?

नेता येते, नेतातही. पण तयारी इथूनच करावी लागते. पहिली गोष्ट रेडिएटर. आपल्याकडे अनेक जुन्या गाड्यांत नुसतं पाणी भरलेलं असतं, उन्हाळ्यात तेच टाकत राहतात. शून्याखाली ते पाणी गोठून फुगतं आणि इंजिनचा ब्लॉक फुटू शकतो. पाणी काढून निम्मं अँटीफ्रीझ आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी असं कूलंट भरा. दुसरी डिझेलची. मैदानातलं डिझेल कडक थंडीत मेणासारखं घट्ट होऊन फिल्टर बंद करतं. इंडियन ऑइलने लडाखसाठी २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं, तिकडे पोचल्यावर तेच भरा. बॅटरी जुनी असेल तर बदला.

आणि चालवण्याची सवय. बर्फात फोर बाय फोर गाडी सुरू करून देते, चढवते, पण थांबवत नाही. ब्रेक लागायला सगळ्या गाड्यांना सारखंच लांब अंतर लागतं. आपल्या चिखलात ‘वेग घे आणि ओढून काढ’ हे चालून जातं, बर्फावर तीच सवय दरीत नेते. तिथे फोर-एच किंवा फोर-एल, हळू, इंजिनच्या जोरावर. चाकाला बांधायच्या साखळ्या बरोबर ठेवा आणि त्या बांधायचा सराव घरच्या अंगणात करून जा. बर्फ पडला की मनालीच्या पुढे पोलिस अनेकदा फक्त फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच सोडतात.

कागदपत्रांत काय बघायचं?

आरसी, विमा, पीयूसी आणि कर्ज असेल तर बँकेचा ना-हरकत दाखला व फॉर्म ३५. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०. एमपरिवहन अ‍ॅपवर नंबर टाकून कितवा मालक आहे, कर्जाचा बोजा आहे का, फिटनेस कधीपर्यंत ते बघता येतं. चेसिसवर कोरलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी वाचा. घासलेला किंवा पुन्हा ठोकलेला वाटला तर निघून या.

खाजगी गाडीची पहिली नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांसाठी वाढते. १४ वर्षांची जिप्सी घेताना हा खर्च किमतीत धरा.

दिल्लीकडच्या गाड्या स्वस्त दिसतात. तिथे १० वर्षांवरच्या डिझेल आणि १५ वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर न्यायालयीन आदेशांमुळे निर्बंध आले, म्हणून त्या बाहेर विकल्या जातात. गाडी चांगलीही असू शकते. पण एनओसी हातात आली पाहिजे, महाराष्ट्राचा रोड टॅक्स भरावा लागतो आणि १२ महिन्यांत इथला नंबर घ्यावा लागतो. हे सगळं धरल्यावर एमएच २९ (यवतमाळ) किंवा एमएच ३४ (चंद्रपूर) ची ओळखीतली गाडी पुष्कळदा स्वस्त पडते. कोकण किंवा मुंबईची गाडी असेल तर खाऱ्या हवेचा गंज आधी शोधा.

आधीच मॉडिफाय केलेली थार घ्यावी का? लिफ्ट, मोठे टायर, लोखंडी बंपर...

मी टाळतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत नसलेला मोठा बदल चालत नाही, आणि अपघातानंतर विमा कंपनी तेच कारण पुढे करू शकते. शिवाय जास्त उचललेल्या गाडीत शाफ्ट आणि पुढच्या अ‍ॅक्सलचे जॉइंट तिरके चालतात आणि लवकर झिजतात. ज्याने गाडीवर इतका खर्च केला त्याने ती हळू चालवली असेल, असंही नसतं.

घेतल्यावर पहिलं काम कोणतं, आणि किती पैसे हाताशी ठेवू?

किमतीच्या दहा ते पंधरा टक्के बाजूला ठेवा. माझा हिशेब साधारण असाच असतो. इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस, पुढचा-मागचा डिफ, सगळ्यांचं ऑइल एकदम बदला. डिफच्या श्वासनळ्या साफ करा, शक्य असेल तर रबरी नळी लावून वर इंजिनच्या खोक्यापर्यंत न्या. ब्रेक उघडून बघा. मग महिन्यातून एकदा तरी मातीच्या रस्त्यावर फोर बाय फोर लावून थोडं चालवा. उन्हाळाभर न वापरलेली जोडणी जूनमध्ये नेमकी अडकते.

आणि तरीही फसली तर?

चाक फिरवत बसू नका, प्रत्येक फेरीला गाडी इंचभर खाली जाते. उतरून बघा की पोट टेकलंय की फक्त चाक रुतलंय. चाक रुतलं असेल तर हवा कमी करा, पुढची माती फावड्याने काढा, चाकाखाली तुरीच्या तुराट्या, पळाटी, फांद्या, गोणपाट जे मिळेल ते घाला आणि फोर-एलमध्ये दुसऱ्या गिअरवर अलगद सुटा. पोट टेकलं असेल तर आधी डिफखालची माती काढावीच लागते.

ट्रॅक्टरने टोचन करायचं असेल तर दोर चेसिसच्या हुकालाच बांधा. बंपरला, स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा अ‍ॅक्सलला नाही. जुनी गाडी बघताना पुढे-मागे असे पक्के हुक आहेत का हे त्याच वेळी बघून ठेवा, नसतील तर चेसिसला बोल्टने बसवून घ्या. लोखंडी साखळीने झटका देऊ नका, तुटली तर ती माणसावर येते. ओढताना पोरांना आणि बघ्यांना दोराच्या लांबीच्या दुप्पट अंतरावर उभं करा, दोरावर एखादं ओलं पोतं टाका, आणि ट्रॅक्टरवाल्याला सांगा की पहिल्या गिअरमध्ये, हळू.